शंकासमाधान : तोलेदोचे दुभाषे

बाराव्या आणि तेराव्या शतकांत अरबी भाषेतील तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये कसे गेले, याविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील सारख्या शंका एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : स्पेनमधील तोलेदो येथे आर्चबिशप रेमंड याने ‘भाषांतरकारांची शाळा’ स्थापन केली, असे अनेक पुस्तकांत आढळते. ही शाळा चालत कशी असे? तेथे शिक्षण दिले जाई का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अशी संस्था होती याला पुरावा नाही. तिची इमारत, स्थापनेची सनद, नेमणुकीचे वा पगाराचे कागद यांपैकी काहीही उपलब्ध नाही; ‘शाळा’ ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांची आहे. रेमंड ११२५ ते ११५२ या काळात आर्चबिशप होता आणि सेव्हिलच्या योहानेसने कुस्ता इब्न लूकाच्या एका लहान पुस्तिकेचे भाषांतर त्याला अर्पण केले, एवढे नक्की सांगता येते. अकराव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि वैद्य इब्न सीना याच्या आत्मविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिकाही रेमंडलाच उद्देशून आहे असे पूर्वी मानले जाई, परंतु ती त्याच्यानंतरच्या योहानेस या आर्चबिशपला उद्देशून आहे, असे आता मानले जाते. या योहानेसचा काळ ११५२ ते ११६६ हा आहे. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या भाषांतराचा खरा जोर रेमंडच्या मृत्यूनंतरचा ठरतो.

संस्था नसली तरी ते शहर मात्र या कामाला विलक्षण अनुकूल होते. कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो याने १०८५ मध्ये तोलेदो घेतले, तेव्हा राज्य बदलले, पण गावाची बोली एका रात्रीत बदलली नाही. मोझारब म्हणून ओळखले जाणारे तेथील ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या अरबी बोलत आले होते. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे ते पुढे शे-दीडशे वर्षे अरबीतच करीत राहिले आणि असे हजाराहून अधिक दस्तऐवज आजही शिल्लक आहेत. बाराव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेत अल्मोहाद या कडव्या मुस्लिम राजघराण्याची सत्ता आल्यावर तेथील ज्यू विद्वानही उत्तरेकडे सरकले. कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांत लॅटिन जाणणारे लोक होते, शहरात अरबी ग्रंथ होते आणि ते वाचू शकणारी माणसे शेजारच्या गल्लीत राहत होती. एखाद्या गावात विणकरांची पेठ वसते ती कोणाच्या हुकमाने वसत नाही. तोलेदोत भाषांतरांची अशीच पेठ वसली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

प्रश्न : या भाषांतरकारांना अरबी कितपत येत होते? एवढे अवघड ग्रंथ त्यांनी शब्दकोशांशिवाय कसे पेलले? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आपला प्रश्न या सर्व विषयाच्या मुळाशी जातो. आज भाषांतरकार म्हटले की दोन भाषा जाणणारी एक व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. त्या काळी हे काम बहुधा दोघांचे असे, आणि त्या दोघांना जोडणारी भाषा अरबीही नव्हती, लॅटिनही नव्हती.

इब्न सीनाच्या आत्मविषयक ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत ही पद्धत स्पष्टपणे सांगितलेली आहे. प्रस्तावना लिहिणारा स्वतःला अव्हेंदौथ, म्हणजे इस्रायली तत्त्वज्ञ, म्हणवतो. तो म्हणतो की मी एकेक शब्द लोकभाषेत उच्चारीत गेलो आणि आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) दोमिनिकुस तो एकेक शब्द लॅटिनमध्ये आणीत गेला. हा दोमिनिकुस म्हणजे सेगोव्हिया धर्मप्रांतातील कुएयार येथील आर्चडीकन दोमिनिकुस गुंदिसालिनुस. अव्हेंदौथ म्हणजे ‘सेफेर हा-कब्बाला’ या इतिहासग्रंथाचा कर्ता अब्राहाम इब्न दाऊद, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लोकभाषा म्हणजे तोलेदोच्या बाजारात आणि घराघरांत बोलली जाणारी जुनी कास्तिलियन. तत्त्वज्ञान लिहिण्यासाठी तिचा वापर तोपर्यंत कोणी केला नव्हता. जीवात्मा, कल्पनाशक्ती, द्रव्य आणि आकार यांविषयीचे काटेकोर अरबी वाक्य एका क्षणासाठी या बोलीतून जात होते आणि लगेच लॅटिन होऊन चर्मपत्रावर उतरत होते. मधल्या पायरीचा एकही कागद उरलेला नाही, कारण ती पायरी लिहिलीच गेली नव्हती. युरोपच्या विचारांना वळण देणाऱ्या ग्रंथांचा एक अवतार केवळ आवाजाच्या रूपात होऊन गेला, याचे मला नेहमी नवल वाटते.

क्रेमोनाच्या जेरार्डची गोष्ट थोडी निराळी आहे. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या ज्योतिर्गणिताच्या ग्रंथाच्या ओढीने तो इटलीतून तोलेदोला आला आणि तेथे अरबी शिकला, असे त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे. तो स्वतःच्या भाषांतरांवर नाव घालीत नसे. म्हणून ११८७ मध्ये तो वारल्यावर, त्याच्या श्रमांचे श्रेय दुसऱ्या कोणी घेऊ नये यासाठी शिष्यांनी सत्तरच्या आसपास ग्रंथांची यादी केली. तिच्यात ॲरिस्टॉटल, अल-किंदी आणि अल-फाराबी आहेत, तसाच इब्न सीनाचा प्रचंड वैद्यकग्रंथ ‘कानून’ही आहे. एवढा अरबी जाणणारा माणूसही एकटा काम करीत नव्हता. मोर्लीचा डॅनियल हा इंग्रज विद्यार्थी पॅरिसमधील अध्यापनाला कंटाळून तोलेदोला गेला होता. गालिब या मोझारबाने अर्थ सांगितला आणि जेरार्डने ‘अल्माजेस्ट’ लॅटिनमध्ये नेले, असे तो लिहितो. शिष्यांच्या यादीत गालिबचे नाव नाही.

तेराव्या शतकातील भाषांतरकार मायकेल स्कॉट याने अल-बित्रूजीचा ग्रहगतीवरील ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. त्याच्या शेवटी शुक्रवार, १८ ऑगस्ट १२१७, तिसरा तास असा पूर्ण झाल्याचा मुहूर्त दिला असून अबुतेउस नावाच्या ज्यू सहकाऱ्याचा उल्लेखही केला आहे. पुढे रॉजर बेकन या इंग्रज विचारवंताने आपल्या तिखट स्वभावाला अनुसरून लिहिले की मायकेलला भाषा येतच नव्हत्या, खरे श्रम आंद्रेआस नावाच्या एका ज्यूचे होते. आणि हेर्मान या जर्मन भाषांतरकाराविषयीही त्याने असेच म्हटले की स्पेनमध्ये त्याने जवळ ठेवलेले मुसलमान विद्वान हेच त्याच्या भाषांतरांचे मुख्य कर्ते होते. बेकन कोणाविषयीच फारसे चांगले बोलत नाही, त्यामुळे त्याचा शब्द जसाच्या तसा घेऊ नये. पण आंद्रेआस, अबुतेउस, गालिब आणि हेर्मानचे ते अनाम सहकारी असे चार वेगवेगळे धागे एकाच दिशेने जात असतील, तर मुखपृष्ठावरच्या नावापलीकडे पाहणे भाग आहे. अव्हेंदौथचे नाव आपल्याला ठाऊक आहे याचे कारण एवढेच की त्याने प्रस्तावना स्वतः लिहिली.

प्रश्न : ॲरिस्टॉटल युरोपला अरबांमुळेच मिळाला, हे विधान बरोबर आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : अर्धे बरोबर आहे. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचा काही भाग सहाव्या शतकातील बोएथियसच्या भाषांतरांतून लॅटिन वाचकांकडे आधीपासून होता. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसच्या याकोबुसने ‘भौतिकी’, ‘आत्म्याविषयी’ आणि ‘उत्तर विश्लेषिकी’ हे ग्रंथ थेट ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणले, म्हणजे जेरार्डच्या आधी किंवा त्याच सुमारास. विद्यापीठांतून पुढे जास्त वापरली गेली तीही बऱ्याच अंशी ग्रीकवरून केलेलीच भाषांतरे होती. प्राण्यांविषयीचे ग्रंथ मात्र मायकेल स्कॉटने अरबीवरून आणले आणि वाचले गेले.

अरबीचे खरे देणे दुसरे आहे. ॲरिस्टॉटलची संहिता हाती असून ती समजत नाही, अशी पॅरिसमधील वाचकांची स्थिती होती. संहितेला भिडण्याची रीत त्यांना इब्न सीना आणि ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिणारा बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी दिली. आपल्याकडे व्याकरणात नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की पतंजली समजावे, तसे तेराव्या शतकातील लॅटिन ग्रंथांत नुसते ‘तत्त्वज्ञ’ म्हटले की ॲरिस्टॉटल आणि नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की इब्न रुश्द समजावा, असा संकेत पडला. इब्न रुश्द ११९८ मध्ये माराकेश येथे वारला आणि तीसएक वर्षांत त्याची बृहद्भाष्ये लॅटिनमध्ये वाचली जाऊ लागली, हा वेग त्या काळाच्या मानाने थक्क करणारा आहे. सर्व माणसांची बुद्धी एकच आहे, या त्याच्या मताविरुद्ध थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने १२७० मध्ये स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने निषिद्ध ठरवलेल्या २१९ विधानांतही या मताला जागा मिळाली. ‘आत्म्याविषयी’वरील ज्या भाष्यावरून हा वाद पेटला, त्याचे संपूर्ण अरबी मूळ आज उपलब्ध नाही. ते सलग वाचायचे तर लॅटिनमध्येच वाचावे लागते.

प्रश्न : अल-गझाली तत्त्वज्ञांचा कडवा टीकाकार होता. तरीही युरोपात तो इब्न सीनाचा अनुयायी समजला जाई, असे वाचले. हे कसे घडले? (एक निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या शास्त्रग्रंथांच्या परिभाषेत याचे उत्तर फार नेमकेपणाने देता येते. युरोपच्या हाती गझालीचा पूर्वपक्ष लागला आणि सिद्धान्त लागलाच नाही.

गझालीने ‘मकासिद अल-फलासिफा’ म्हणजे ‘तत्त्वज्ञांची उद्दिष्टे’ या ग्रंथात तर्कशास्त्र, ईश्वरविषयक तत्त्वज्ञान आणि भौतिकी यांतील तत्त्वज्ञांची मते सुबोधपणे मांडली. या मांडणीचा आधार मुख्यतः इब्न सीनाचा फारसी ग्रंथ ‘दानेशनामे’ हा आहे. येथे खरेखोटे न ठरवता प्रतिपक्षाचे म्हणणे फक्त मांडत आहे, खंडन पुढे करीन, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले. आणि ‘तहाफुत अल-फलासिफा’ म्हणजे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’ या प्रसिद्ध ग्रंथात ते खंडन केले. तोलेदोत गुंदिसालिनुस आणि त्याच्या सहकाऱ्याने पहिला ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. त्याच्या बहुतेक लॅटिन प्रतींत ती प्रस्तावनाच नाही. शंकराचार्यांच्या भाष्यातील फक्त बौद्धमताचा परिच्छेद एखाद्या परदेशी वाचकाच्या हाती पडावा आणि त्याने आचार्यांना बौद्ध ठरवावे, तसेच हे झाले. आल्बर्टुस माग्नुस आणि अक्वायनस यांच्यासारखे सावध वाचकही ‘अल्गाझेल’ हे नाव इब्न सीनाच्या जोडीने घेतात.

सर्वच जण फसले असे मात्र नाही. रॉजर बेकनला त्या प्रस्तावनेची कल्पना होती. कातालोनियातील रामोन मार्ती हा डोमिनिकन धर्मोपदेशक अरबी जाणत होता आणि त्याने ‘तहाफुत’ मुळातून वाचून आपल्या ग्रंथात वापरला. पण एक-दोघांना माहीत असणे आणि विद्यापीठात रूढ असणे यांत अंतर असते. इब्न रुश्दने ‘तहाफुत’ला दिलेले उत्तर १३२८ मध्ये आर्ल येथील कालोनिमोसने लॅटिनमध्ये आणले, तेव्हा त्यात उद्‌धृत केलेला गझालीचा सिद्धान्तपक्षही प्रतिस्पर्ध्याच्या ग्रंथामार्फत युरोपात पोहोचला. तोवर दीडशे वर्षे उलटून गेली होती.

प्रश्न : भाषांतरात अर्थ बदलल्याची काही उदाहरणे द्यावीत. अशा चुकांमुळे तत्त्वज्ञानाचे नुकसान झाले का? (दोन वाचक, कोल्हापूर आणि बडोदे)

उत्तर : सर्वच बदलांना चुका म्हणता येणार नाही, म्हणून दोन प्रकारची उदाहरणे देतो.

इब्न सीनाने मेंढी आणि लांडगा यांचे उदाहरण घेतले आहे. मेंढीला लांडग्याचा रंग आणि आकार डोळ्यांनी दिसतो. पण त्याचे वैर डोळ्यांना दिसत नाही, तरीही ती पळते. दिसणाऱ्या वस्तूतून जे न दिसणारे उचलले जाते त्याला त्याने ‘मअना’ म्हटले आणि ते उचलणाऱ्या शक्तीला ‘वह्म’. हे दोन्ही शब्द मराठीत येऊन स्थिरावलेले आहेत. पत्राचा ‘मायना’ हा त्यातला पहिला आणि पोलिसांच्या कागदपत्रांत भेटणारा ‘वहीम’ हा दुसरा. पुरावा हाती नसताना मनाने ताडलेली गोष्ट, हा वहिमाचा अर्थ मेंढीच्या प्रसंगाशी चांगला जुळतो. गुंदिसालिनुस आणि अव्हेंदौथ यांनी ‘वह्म’साठी ‘एस्तिमात्सियो’ म्हणजे अंदाज हा शब्द घेतला आणि ‘मअना’साठी ‘इंतेंत्सियो’. या दुसऱ्या शब्दाचा लॅटिनमधील रोजचा अर्थ ताण, रोख, उद्देश असा आहे. मेंढीला लांडग्याचा ‘उद्देश’ दिसतो, असे वाक्य तयार झाले. अरबी धातूलाही ‘मनात योजणे’ अशी छटा असल्याने निवड निराधार नव्हती, तरी वाचकाला बुचकळ्यात टाकणारी होती. हाच शब्द पुढे तर्कशास्त्रात ‘प्रथम’ आणि ‘द्वितीय’ अशा दोन प्रकारांत विभागला गेला. १८७४ मध्ये फ्रान्झ ब्रेंटानोने मनाच्या प्रत्येक व्यापाराला कशाकडे तरी रोख असतो हा विचार मांडताना या मध्ययुगीन परिभाषेचाच हवाला दिला. तोलेदोतील त्या बैठकीत दुसरा एखादा शब्द सुचला असता, तर विसाव्या शतकातील तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या प्रवाहातील ‘इंटेन्शनॅलिटी’ ही कळीची संज्ञा वेगळ्या नावाने ओळखली गेली असती.

दुसरे उदाहरण खरोखर गैरसमजाचे आहे. ॲरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ ग्रीकमधून सिरियाक या पश्चिम आशियातील ख्रिस्ती लोकांच्या भाषेमध्ये आणि सिरियाकमधून दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ताच्या हातून अरबीत आले. अरबी साहित्यात नाटक नव्हते, तेव्हा ट्रॅजेडीसाठी ‘स्तुतिकाव्य’ आणि कॉमेडीसाठी ‘निंदाकाव्य’ हे शब्द योजले गेले. इब्न रुश्दने रंगभूमी पाहिलेली नव्हती. त्याने या दोन शब्दांवरून सुसंगत विवेचन उभारले आणि अरबी कवितेतून दाखले दिले. १२५६ मध्ये तोलेदोत हेर्मानने ते लॅटिनमध्ये आणले. गंमत अशी की १२७८ मध्ये मोर्बेकेच्या विल्यमने मूळ ग्रीकवरून नेमके भाषांतर केले, पण ते जवळजवळ कोणी वाचले नाही. शाळेत काव्य हे नीतिशिक्षणासाठीच शिकवले जाई. त्यामुळे सज्जनांची स्तुती आणि दुर्जनांची निंदा करणारा ॲरिस्टॉटल त्या वाचकांना अधिक ओळखीचा वाटला. यावरून हसण्याचा अधिकार आपल्यालाही फारसा नाही. ट्रॅजेडीसाठी आपण ‘शोकांतिका’ हा शब्द रुळवला, आणि संकट ऐन वेळी टळते अशा कथानकाला ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी सर्वांत वरचा क्रम दिला आहे.

प्रश्न : या देवघेवीत भारतीय ज्ञानाचा काही वाटा होता का? (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : तत्त्वज्ञानात सांगण्यासारखा नाही, गणितात आणि कथांत निश्चित आहे. अल-ख्वारिज्मीचे भारतीय अंकांनी हिशेब करण्याचे पुस्तक बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेले आणि त्याच्या नावाचेच ‘अल्गोरिदम’ झाले. शाळेच्या भूमितीत आपण वर्तुळाची जी ‘जीवा’ काढतो, तो शब्द अरबीत ‘जीबा’ असा गेला. स्वरचिन्हे न लिहिण्याच्या रीतीमुळे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, गळ्याजवळचा झोळ, हिंदीतील ‘जेब’ तो हाच. लॅटिन भाषांतरात त्याचे ‘सिनुस’ म्हणजे वस्त्राची घडी असे झाले आणि तेथून आपल्याकडे ‘साइन’ परत आले. पंचतंत्राच्या कथाही पहलवी, अरबी आणि हिब्रू असे टप्पे घेत तेराव्या शतकात कापुआच्या योहानेसच्या हातून लॅटिनमध्ये पोहोचल्या.

प्रश्न : मूळ ग्रंथकाराचे नावच हरवले, असेही कधी झाले का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : झाले, आणि त्याच तोलेदोत झाले. गुंदिसालिनुस आणि योहानेस नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने ‘जीवनाचा झरा’ हा गुरुशिष्यसंवाद अरबीतून लॅटिनमध्ये आणला. ईश्वर सोडून सर्व काही, देवदूत आणि आत्मेसुद्धा, द्रव्य आणि आकार यांचे बनलेले आहे, हा त्याचा सिद्धान्त फ्रान्सिस्कन विचारवंतांना पटला आणि अक्वायनसने त्याचा कडाडून प्रतिवाद केला. ग्रंथकाराचे नाव लॅटिनमध्ये ‘अव्हिसेब्रोन’ असे झाले होते. कोणी त्याला मुसलमान समजत, कोणी ख्रिस्ती. १८४६ मध्ये सालोमोन मुंक या अभ्यासकाने पॅरिसमधील एका हिब्रू हस्तलिखितातले उतारे या लॅटिन ग्रंथाशी ताडून पाहिले आणि अव्हिसेब्रोन म्हणजे अकराव्या शतकातील ज्यू कवी शलोमो इब्न गबिरोल, असे दाखवून दिले. ख्रिस्ती विद्यापीठांत त्याच्या तत्त्वज्ञानावर वाद चालू होते, त्याच शतकांत ज्यू लोक प्रार्थनेत त्याचे काव्य म्हणत होते. तोलेदोतल्या एका माणसाला मात्र ग्रंथकार कोण हे पक्के ठाऊक होते. ११६० च्या सुमारास अब्राहाम इब्न दाऊदने आपल्या अरबी ग्रंथात इब्न गबिरोलचे नाव घेऊन याच पुस्तकावर टीका केली होती. तो अरबीत लिहीत होता. त्याच शहरातल्या लॅटिन प्रतीवर ते नाव कोणी नीट उतरवले नाही.